कोलमन टूहीचा धोंडा

आमच्या किलद्रीना गावात मेलेल्या प्रत्येक माणसाने दफनभूमीतला तो धोंडा उचललेला आहे. ज्यांना जिवंतपणी जमलं नाही, त्यांना पबमधल्या मंडळींनी मेल्यावर गप्पांमध्ये जमवून दिलं.

खरोखर छातीपर्यंत उचलला तो एकट्या कोलमन टूहीने, बापाला मूठमाती दिल्यावर. माती झाली की तरण्या पोरांनी तिथेच ताकद आजमावायची, ही इथली रीत. कोलमन आता नव्वदीला टेकलाय. ना बायको, ना जमीन. मिरवायला जन्मभर हा एवढा एक धोंडा.

गावसमितीने ठरवलं, धोंडा चौथऱ्यावर बसवायचा आणि खाली कोलमनचं नाव कोरायचं. पण पलीकडच्या रॅथबेग गावचा धोंडा आमच्यापेक्षा थोराड! झालं, अध्यक्ष फिंटन गेराटीच्या झोपेचं खोबरं. त्याने खाणीतून क्रेन लावून वासराएवढा दगड आणवला.

"अरे फिंटन, हा तो नव्हे," मी म्हटलं.

"नोरीनकाकू, तुम्ही गप्प बसा हो. कोलमनचाच मान वाढतोय ना?"

रविवारी फादरनी पवित्र पाणी शिंपडून कापड ओढलं. कोलमन काठी टेकत पुढे गेला आणि बघतच राहिला.

"हा मी नाही उचलला."

"बघा, किती साधा माणूस!" फिंटन ओरडला. टाळ्यांचा कडकडाट.

"अरे, हा कुणाच्या बापाला हलणार नाही!"

आणखी टाळ्या. मागे रॅथबेगचे पाहुणे खुसूखुसू हसत होते. "थापाड्या म्हातारा," एकजण म्हणाला. कोलमनला ते नेमकं ऐकू गेलं. कान मेले अजून शाबूत आहेत त्याचे.

"फिंटन, माझा धोंडा कुठाय?"

"आहे की! चौथऱ्यातच. वरचा डुगडुगत होता, म्हणून खाली टेकू दिलाय. सिमेंटमध्ये पक्का."

मी कोलमनला गाडीतून घरी सोडलं. फाटकाशी उतरताना त्याने माझा हात धरला.

"नोरीन, तू शाळकरी होतीस तेव्हा. पाहिलं होतंस ना गं?"

"पाहिलं होतं. छातीपर्यंत. तोंड लालबुंद झालं होतं तुझं."

"मग सांग ना त्यांना. मी खोटारडा नाही गं."

त्याच संध्याकाळी पबमध्ये गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं: धोंडा लहान होता, खरा होता आणि कोलमनने तो छातीपर्यंत उचलला होता.

"छातीपर्यंत?" फिंटनने ग्लास खाली ठेवला. "काहीतरीच काय, काकू! चांगला डोक्यावर घेतला होता. हाच, चौथऱ्यावरचा. माझ्या वडिलांनी पाहिलंय."