आजींच्या टेकडीखालची खोली

मी तळघर बोलतोय. हसू नका, मला अजून मातीचा वासही लागलेला नाही. माझा जन्म दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरातल्या एका छोट्या कचेरीत, प्यो सुंग-आ नावाच्या वास्तुरचनाकार मुलीच्या संगणकावर झाला. मुक्काम अजून तिथंच आहे.

ग्वाक माल-सुन आजींना गावाकडच्या टेकडीच्या उतारावर नवं घर बांधायचं होतं आणि त्याखाली किमचीच्या, म्हणजे मुरवलेल्या तिखट कोबीच्या, मडक्यांसाठी एक थंडगार खोली हवी होती. ती खोली म्हणजे मी.

सुंग-आनं मोजणीच्या आकड्यांवरून आधी टेकडी उभी केली, मग तिच्या पोटात माझ्या चार भिंती. काम झालं असं समजून तिनं पडद्यावरची टेकडी उभी चिरून पाहिली, तर मी गळ्यापर्यंत मातीनं भरलेलो! संगणकातली जमीन आतून भरीव असते. खोली हवी तर तेवढी माती वजा करावी लागते, हे ती घाईत विसरली होती.

"अरे देवा, आजींनी किमची काय फावड्यानं वाढायची?" ती स्वतःशीच हसली.

माती निघाली, मला श्वास आला. पण वरच्या उतारावर एक गोल उंचवटा दिसत होता. सुंग-आ शहरात वाढलेली, तिच्या घरच्यांच्या अस्थी एका इमारतीत काचेच्या कपाटात ठेवलेल्या. टेकडीवर ती कधी गेलीच नव्हती. मोजणीत चूक झाली असणार, असं म्हणून तिनं तो उंचवटा पुसला, उतार गुळगुळीत केला आणि मला त्याखाली ऐसपैस पसरवलं. जे कळत नाही ते आधी साफ करायचं, ही माणसांची खोडच आहे. मला मात्र मोठं झाल्याचा आनंद झाला.

पूर्वजांना पुजायचा चुसोकचा सण जवळ आला होता. सण झाला की खोदकाम सुरू होणार होतं. आजी भाजलेल्या चेस्टनटची पिशवी घेऊन कचेरीत आल्या आणि त्यांनी पडद्याला जवळजवळ नाकच लावलं.

"घर छान झालंय गं. पण आमचे हे कुठं गेले?"

"कोण, आजी?"

"हे म्हणजे हे! परवाच पोरांनी त्यांच्यावरचं गवत कापलं. सणाच्या तोंडावर बाईचा नवरा गायब करतात होय?"

सुंग-आचा चेहरा पांढराफटक पडला. तो उंचवटा म्हणजे आजोबांचं मातीचं थडगं होतं आणि मी बरोबर त्यांच्या खाली होतो. असंच खोदलं असतं, तर आजोबा माझ्यात कोसळले असते. मी थिजून गेलो.

"चुकलं माझं, आजी." तिनं उंचवटा परत आणला आणि माझी भिंत मागे ओढली.

"अजून सरकव."

"आजी, आता पुष्कळ अंतर आहे. आणखी सरकवलं तर मडकी मावायची नाहीत."

"मावतील तेवढी मावू देत. त्यांच्या शेजारी माझी जागा आहे, वेडे."

डोळे पुसून सुंग-आनं माझी भिंत आणखी मागे नेली. आजींनी मग स्वतःच चेस्टनट सोलून तिच्या हातावर ठेवले.

आता मी निम्माच उरलोय. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आजींच्या जागेवर हातपाय पसरून मला तरी कुठं झोप लागली असती?

सण झाला. उद्या पोकलेन येईल आणि मी खरोखरच्या मातीत उतरेन. पोकलेनवाले दादा, माझं एवढं ऐका. माझ्या भिंतीपलीकडची घमेलंभर मातीसुद्धा हलवू नका. तिथं ज्यांना यायचंय त्या आजी अजून ठणठणीत आहेत. त्यांना सवडीनं येऊ द्या.