वाट देण्याचा नियम

“पप्पा, इथे नका थांबू. इथून फक्त स्टार्ट दिसते. वर जा, चढाच्या टोकाला.”

“आणि हा डबा?”

“रेसनंतर.”

“पराठे गार होतील.”

“पप्पा, आय ॲम रेसिंग!”

“मग? रेस काय पळून जाते?” असं म्हणून बबन गजभिये डबा आणि फ्लास्क सांभाळत चढाकडे निघाले. धम्मशीलाने हेल्मेटचा पट्टा आवळला.

आपली मुलगी बर्फावर शर्यती मारते, हे अख्ख्या मिल्टन कीन्स शहराला ऐकवून दमवणारे पप्पा तिची शर्यत बघायला आज पहिल्यांदाच आले होते. त्यात त्यांचा दोष नव्हता. शर्यती व्हायच्या नॉर्वेत नाहीतर फिनलंडमध्ये. टीव्हीवर बघावं, तर कॅमेरा पहिल्या दहाजणींना सोडून मागे यायला तयार नसे. आणि त्या चौकटीत घुसण्याचा आगाऊपणा धम्मशीलाने कधी केला नव्हता.

इंग्लंडात बर्फ पडतो तो ट्रेन बंद पाडण्यापुरता. अशा देशात ही पोरगी केंब्रिजला बायोकेमिस्ट्री शिकायला गेली आणि परत आली ती चाकं लावलेल्या स्की घेऊन. मग मिल्टन कीन्सच्या रेडवेवर, म्हणजे सायकलवाल्यांच्या आणि पायी जाणाऱ्यांच्या त्या लाल वाटांवर, दोन्ही हातांनी काठ्या रोवत तिची धाव सुरू झाली. कुत्री भुंकायची. म्हातारे थांबून विचारायचे, “स्नो कुठे आहे, लव्ह?” रोज तोच विनोद, आणि रोज तो नव्याने सुचल्याचा आनंद.

पोटासाठी अर्धवेळ लॅबची नोकरी, बाकी सगळं आयुष्य चाकांवर. जागतिक स्पर्धेत एकदा तिने चारजणींना मागे टाकलं होतं. त्यांतल्या दोघींना ताप होता. ब्रिटिश संघात बायकांच्या जागा चार. चौथी गेली कित्येक वर्षं धम्मशीला होती. चौथी असणं हेच तिचं करिअर म्हणा ना! आज लेस्टरपलीकडच्या या पार्कमधल्या बंद रस्त्यावर, चाकांच्या स्कीवर, येत्या हिवाळ्याच्या चौघी ठरणार होत्या. पाचवीला हस्तांदोलन. आणि तेहतिसाव्या वर्षी पाचवी आलेल्या बाईला पुढल्या वर्षी कोणी बोलवत नाही.

तिचा प्लॅन साधा होता. या शर्यतीत एकेकीला थोड्या थोड्या अंतराने सोडतात आणि शेवटी वेळ मोजतात. तिच्या लगेच मागून सारा सुटणार होती; वय एकोणीस, फुप्फुसं घोड्याची. दुसऱ्या फेरीत ती गाठणार हे नक्की. मागची “ट्रॅक!” म्हणून ओरडली, की पुढचीने पहिल्याच हाकेला बाजूला व्हायचं, हा नियम. वाट द्यायची, लगेच साराच्या पाठीला चिकटायचं, वारा तिला खाऊ द्यायचा आणि शेवटपर्यंत फरफटत का होईना, तिच्यामागे जायचं. चौथी जागा पक्की. वाट देण्यात धम्मशीलाचा हात धरणारं कोणी नव्हतं; युरोपातल्या झाडून सगळ्या देशांना तिने ती दिली होती.

पप्पांना हा नियम तिने कधी सांगितला नव्हता. घरात वाट देण्याचा विषय निघत नसे. आणि निघाला, तर संपत नसे. तिचे आजोबा गावात असताना मागून पाटलाची बैलगाडी आली, की वहाणा हातात घेऊन बाभळीच्या काट्यांत उतरायचे आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे राहायचे. पप्पांना वडिलांकडून शेत मिळालं नाही, घर मिळालं नाही. ही गोष्ट मिळाली. म्हणून धम्मशीला रेडवेवर चालायला शिकली ती त्यांच्या एकाच धड्यावर: “मधून चाल.” सायकलची घंटा वाजो, जॉगर खेकसो, बापलेक मधून. बदकांशी तेवढी तडजोड होती.

दुसऱ्या फेरीत, चढावर, मागून काठ्यांची टकटक आली. दोन्हीकडे नारिंगी कोन ठेवल्याने रस्ता तिथे चिंचोळा होता.

“ट्रॅक!”

तिने उजवी स्की उचलली. इतक्या वर्षांच्या सवयीने हे काम पाय डोक्याला न विचारताच करत असत.

वरून पप्पांना काय दिसलं, ते तिला पुढे अनेकदा दिसणार होतं. एक सोनेरी केसांची पोरगी मागून ओरडते आहे, आणि आपली मुलगी रस्ता सोडून कडेला चालली आहे.

“धम्मा! हटू नको! अजिबात हटायचं नाही!”

पप्पा रागावले की इंग्रजीत बोलत. हा आवाज मराठीत होता, आणि घाबरलेला होता.

तिने स्की परत रस्त्याच्या मधोमध टेकवली.

“शीला! ट्रॅक!”

नियम पाठ होता. प्लॅनही पाठ होता. पण वर तो म्हातारा छातीशी फ्लास्क धरून उभा होता, आणि ती त्याच्याकडे बघत मधून चढत राहिली.

तिसऱ्यांदा सारा ओरडलीच नाही. डावीकडून घुसली. कोणाची तरी काठी कोणाच्या तरी चाकात गेली आणि दोघी डांबरावर आपटल्या. सारा उठली, गुडघ्यातलं रक्त बघून एक सणसणीत शिवी घातली आणि निघून गेली. धम्मशीलाचं मनगट मात्र, मनगटं ज्या कोनात नसतात, त्या कोनात होतं.

मुख्य पंच ही पांढऱ्या केसांची स्कॉटिश बाई. तिने बर्फाची पिशवी दिली, शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, “वारा फार होता चढावर. तुला ऐकू आलं नसेल, हो ना?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. निवड समितीला अपघात चालतो, जागा राहते; अडवणूक चालत नाही. मनगट हिवाळ्यापर्यंत जुळलं असतं.

“सांग की!” मागून पप्पा म्हणाले. चेहरा लग्नघरासारखा उजळलेला. “ऐकलं म्हणून सांग. आपण कोणाला भितो काय?”

धम्मशीलाने त्यांच्याकडे पाहिलं.

“ऐकलं,” ती पंचांना म्हणाली. “दोन्ही वेळा.”

बाईने बर्फाची पिशवी तिच्या मनगटावर नीट बसवली. मग म्हणाली, “आय ॲम सो सॉरी, डिअर.” आणि तिला बाद केलं.

हॉस्पिटलात प्लास्टर होईपर्यंत पप्पा भांडत होते. समोर कोणी नव्हतं, म्हणून कॉफीच्या मशीनशी. मग कॉरिडॉरमध्ये तिच्या शेजारी येऊन बसले.

“रेसिस्ट आहेत का गं ते?”

“नाही, पप्पा. रूल आहे. मागची फास्ट असली, तर साइड द्यायची. सगळे देतात.”

“सगळे?”

“नॉर्वेचे पण.”

“तुला दिली कोणी कधी?”

“एकदा. स्वीडनमध्ये. तिला बरं नव्हतं.”

पप्पा हसले नाहीत. बराच वेळ फ्लास्कच्या झाकणाशी चाळा करत राहिले.

“मी ओरडलो नसतो, तर?”

“तरी पाचवीच आले असते,” धम्मशीला म्हणाली. खोटं बोलायचं तिने आजच्यापुरतं इथे राखून ठेवलं होतं.

त्यांनी मान हलवली. पटल्याची नव्हे, ऐकल्याची. डबा दोघांपैकी कोणी उघडला नाही.

“पाय दुखते,” ती म्हणाली. शर्यतीचे बूट अजून पायातच होते, आणि एका हाताने ते निघत नव्हते.

पप्पा खाली उतरले. गुडघे वाजले. कॉरिडॉरच्या मधोमध फरशीवर मांडी घालून त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला आणि ते बुटाची चेन ओढू लागले. बूट नुकता निघाला होता, तेवढ्यात मागून चाकांचा आवाज आला. हॉस्पिटलचा एक पोरगा रिकामी ट्रॉली ढकलत येत होता.

“एक्सक्यूज मी, सर. टेक युअर टाइम.”

पप्पा धडपडत उठले. बूट हातात घेऊन भिंतीला पाठ लावली. पोट आत ओढलं. जागा भरपूर होती. ट्रॉली गेली, पोरगा मान लववून “थँक यू” म्हणाला, वळणावरचं दार उघडून मिटलं.

“पप्पा,” धम्मशीला म्हणाली, “गेला तो. या, बसा.”

ते तसेच भिंतीला टेकून उभे होते.