जाईवंतीच्या अक्षता

पडदा वर गेला आणि पाठोपाठ लोबानाच्या धुराचा असा लोट आला की पुढच्या बाया पदर तोंडाला लावून खोकू लागल्या. नागोराव मनातल्या मनात हसले. चला, मुहूर्त तर झकास लागला!

नागोरावांचं बाजारहत्नूरला किराणा दुकान. वडिलांच्या मागे दर श्रावणात मारुतीच्या देवळात जाईवंतीची पोथी तेच वाचत. आईबाप गेलेली राजकन्या आंधळ्या राजपुत्राचा हात धरून रानोमाळ हिंडते, शेवटच्या अध्यायात त्याला दृष्टी येते आणि दोघांचं लग्न लागतं, अशी ती कथा. जाईवंतीला माहेर नाही, म्हणून ऐकणारेच तिचे माहेरचे. त्या शेवटच्या अध्यायाच्या दिवशी सारं गाव पदरात नाहीतर खिशात पिवळ्या अक्षता घेऊन येई आणि नागोरावांनी 'सावधान' म्हटलं की पोथीवर टाकी.

नागोरावांची मुलगी विनोदिनी लग्नाच्या वयाला आली आणि तापानं गेली. तेव्हापासून वाचताना त्यांना जाईवंती तिच्याच तोंडवळ्याची दिसे. दर श्रावणात ते पोरीचं लग्न लावत. हे त्यांनी बायकोला, राहीबाईंनाही सांगितलं नव्हतं.

त्याच जाईवंतीचं नाटक आज जत्रेत होतं. बसवलं होतं चिंतामणीनं. हा आदिलाबादच्या वकिलाचा मुलगा, नागपूरच्या नाटक कंपनीत राहून, मानेवर केस वाढवून आलेला. श्रावणात तो रोज पोथी ऐकायला आला, तेव्हा नागोरावांना कोण आनंद झाला होता! त्यांनी त्याला चहा पाजला, पोथी घरी न्यायला दिली. "काका, लगन कसं दाखवतो ते पाहाच तुमी," असं तो म्हणाला होता. नागोराव आपल्या खिशात अक्षता घेऊन आले ते त्या शब्दावर.

जाईवंती झाला होता तहसील कचेरीतला उत्तमराव. मिशी काढून, गालांना लाली फासून. तेही एक वेळ चाललं असतं. पण प्रत्येक प्रवेशात काळा झगा घातलेला कुणी काळपुरुष कंदील घेऊन येई, खदाखदा हसे आणि नेमका जाईवंतीच्या पुढ्यात उभा राही. तो खुद्द चिंतामणी. पोथीत असला कुणी नाहीच!

"हा कोन हाय, नागोराव?" मागून भागाबाईंनी विचारलं. भाजीचा मळा करणारी ही म्हातारी पोथीचा एक दिवस चुकवत नसे.

"चिंतामणी हाय, दुसरं कोन? जाईवंती राह्यली बाजूले, हाच मिरवून राह्यला."

शेवटचा प्रवेश आला. जाईवंती हातात हार घेऊन उभी राहिली. सगळ्या मांडवात पदरांच्या गाठी सुटल्या, मुठी वर आल्या. नागोरावांनीही मूठ भरली. तेवढ्यात काळपुरुष आला, त्यानं फुंकर घालून दिवा विझवला, आणि पडदा पडला. ना राजपुत्राला दृष्टी, ना लग्न.

लोक मुठी वर धरून तसेच बसले. कुणाला कळेना, टाकायच्या कधी? नाटक आपटलं, नागोरावांच्या मनात आलं आणि त्यांना खरोखर बरं वाटलं. पण खुर्चीवरच्या तहसीलदारांनी "वाह! क्या बात है!" म्हणत टाळी वाजवली, पडदा पुन्हा वर गेला आणि चिंतामणी झगा काढून, हात जोडून पुढे आला. आणि सगळ्या गावानं मुठीतल्या अक्षता त्याच्या अंगावर टाकल्या. राहीबाईंनीसुद्धा.

नागोराव जळफळले. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर कुणी एक दाणा टाकला नव्हता. टाकावा असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं, आज वाटलं. त्यांनी मूठ उघडलीच नाही, तशीच खिशात घातली.

"तुमी काऊन नाई टाकल्या?" घरी जाताना राहीबाईंनी विचारलं.

"कायले टाकू? लगन लागलं काय?"

"अवं, मुठीतल्या अक्षता वापस घरी नेतेत काय? अपशकून होते. म्हनून टाकल्या."

नागोरावांचा हात खिशावर गेला. खिशातल्या अक्षता ते वापसच नेत होते.

सकाळी दुकान उघडतं न उघडतं तोच भागाबाई आल्या. भाजीची पाटी खाली ठेवून म्हणाल्या, "नागोराव, तेवढं लगन लावून द्या. रातभर डोळा नाई लागला. पोर तशीच हार घेऊन उभी हाय न."

"पोथी चिंतामणीपाशी हाय, भागाबाई."

"तुमाले पोथी कायले पायजे?"

नागोरावांना बरं वाटलं. कुणीतरी त्यांच्याकडे आलं होतं, चिंतामणीकडे नाही. त्यांनी खिशातल्या अक्षता निम्म्या भागाबाईंना दिल्या, तराजूपाशी मांडी घातली, डोळे मिटले आणि शेवटचा अध्याय सुरू केला. सगळ्या ओव्या तोंडपाठ होत्या. राजपुत्राला दृष्टी आली. जाईवंती हार घेऊन उभी राहिली.

पण ती विनोदिनी नव्हती. लाली फासलेला उत्तमराव होता. नागोरावांनी डोळे आणखी घट्ट मिटले, ती ओवी पुन्हा म्हटली. नाक आठवलं, कपाळावरचा देवीचा व्रण आठवला, पण चेहरा काही जमेना. मागे कुणीतरी कंदील घेऊन खदाखदा हसत होतं. त्यांनी घाईघाईनं 'सावधान' म्हटलं आणि अक्षता टाकल्या.

भागाबाईंनीही टाकल्या. पदरानं डोळे पुसले.

"झालं बाई एकदाचं," त्या म्हणाल्या.

"भागाबाई," नागोरावांनी हळूच विचारलं, "जाईवंती दिसली काय तुमाले?"

"दिसली न. दरसाली दिसते. अगदी आपल्या विनोदिनीवानी."

पाटी डोक्यावर घेऊन त्या बाजाराकडे गेल्या. त्या वळणाआड जाईपर्यंत नागोराव बघत राहिले. चिंतामणीचा नव्हता वाटला एवढा हेवा त्यांना त्या म्हातारीचा वाटला.

मग गिऱ्हाईक आलं, तसे ते तराजूच्या पारड्यात पडलेले पिवळे दाणे एकेक करून वेचू लागले.