फोटोतलं घर

ऑटो फाटकापाशी थांबला तेव्हा अन्नपूर्णाबाई अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता, सकाळचे दहा वाजत आले होते. ऑटोतून आधी एक गुंडाळलेली गादी उतरली, मग पत्र्याची पेटी, मग बोचक्यात बांधलेली भांडी, आणि शेवटी साठीकडे झुकलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला एक सडसडीत माणूस. त्याच्यासोबतची पोरगी मोबाईल समोर धरून एकदा पडद्याकडे, एकदा घराकडे पाहत होती. तिचा चेहरा असा फुलला होता की बाईंना वाटलं, शेजारी कोणाकडे पाहुणे आलेत आणि घर चुकलेत.

"हेच हाय, बाबा," पोरगी म्हणाली. "निळं फाटक, वर गॅलरी. सगळं तसंच."

मग तिनं बाईंना नमस्कार केला. "बाई, मी रंजीता पुंगाटी. एटापल्लीकडून आलो आम्ही. हे माझे बाबा, इसरू. वरच्या खोलीची चाबी इथीच भेटन, असं सांगितलं सरांनी."

"कोनत्या सरांनी?"

"घरमालकांनी. फौजेत हायेत ना ते."

बाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. हे घर त्यांच्या नवऱ्यानं, इस्तारीनं, कोळसा खाणीत सत्तावीस वर्षं घालवून बांधलं होतं. तो जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी रीता लग्न होऊन पुण्याला. खाली बाई एकट्या राहत आणि आधीचे भाडेकरू गेल्यापासून वरच्या खोलीला कुलूप. फौजेत तर त्यांच्या माहेरचं, सासरचं कोणीच नव्हतं.

"घरमालक मीच हाय," त्या म्हणाल्या. "अन् मी कोनाले खोली देली नाई."

पोरीनं मोबाईल पुढे केला. पडद्यावर बाईंचंच घर होतं. वरची खोली, तिची हिरवी खिडकी, मोरीतला पितळेचा नळ. परक्या माणसाच्या हातात आपल्या घराचा असा आतला कोपरा. एकटी बाई, दोन अनोळखी माणसं, पेटी-बोचकं. गेल्याच महिन्यात पलीकडच्या गल्लीत चोरी झाली होती. त्या उठल्या, पायऱ्या चढल्या आणि जाळीचं दार ओढून आतून कडी घातली.

"वर भाडेकरू हायेत," त्या जाळीमागून म्हणाल्या. "तुमी जा आता."

हे साफ खोटं होतं. पण तोंडून निघून गेलं.

ती दोघं गेली नाहीत. जाणार कुठे? ऑटो निघून गेला होता. इसरूनं सामान फाटकाबाहेर भिंतीच्या सावलीत नीट रचलं आणि त्याच्याशेजारी उकिडवा बसला. पोरगी उभीच होती, पुन्हा पुन्हा कोणाचा तरी नंबर लावत होती. येणारे-जाणारे थबकू लागले. समोरचे श्रीहरीभाऊ पेपर हातात घेऊनच बाहेर आले. त्यांनी पोरीचा मोबाईल पाहिला, तिचं ऐकून घेतलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अन्नपूर्णाबाई, फोटो तर तुमच्याच घराचे हायेत. पोरीनं पैसे भरले, अन् आता तुमी दार लावून बसल्या?"

श्रीहरीभाऊंनी असं बोलावं! पंचवीस वर्षांचा शेजार. इस्तारीला खांदा द्यायला पहिले आले ते हेच श्रीहरीभाऊ.

त्यांनी आत जाऊन रीताला फोन लावला. रीतानं सगळं ऐकून घेतलं. "आई, दोन वर्षांपूर्वी वरच्या खोलीची जाहिरात मीच टाकली होती ना ऑनलाईन. ते कॉलेजचे पोरं आले तेव्हा काढली. पण फोटो कोणीतरी उचलून ठेवले असतील. तू त्या लोकांना आत घेऊ नको. आजकाल काही भरोसा नाही."

बाई फोन ठेवून जाळीपाशी आल्या, तेवढ्यात बाहेर पोरीचा नंबर लागला. तिनं स्पीकर चालू केला. पलीकडचा आवाज मऊ, समजूतदार होता.

"हां मॅडम, पहुँच गए? बढ़िया. चाबी लेके आदमी निकल गया है. बस, व्हेरिफिकेशन के पाँच हजार और डाल दीजिए, चाबी मिलते ही वापस हो जाएँगे. और सुनिए, नीचे एक आंटी रहती है. किरायेदार है हमारी. झगड़ालू है. उससे बात मत कीजिए."

बाईंनी कडी काढली. त्या पायऱ्या कशा उतरल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पोरीच्या हातातून मोबाईल घेऊन त्या म्हणाल्या, "मै वोच आंटी बोल रही. घर तेरा है ना? तो बता, फाटक के सामने क्या है?"

पलीकडचा आवाज तुटक झाला. "सामने मंदिर है, और क्या."

समोर पाण्याची टाकी होती. बाई काही बोलायच्या आत फोन कटला, आणि पोरीनं पुन्हा लावला तर बंद.

रंजीता सामानाच्या पेटीवर बसली. ती रडली नाही. नुसती पडद्याकडे पाहत राहिली, जणू अजूनही तो उजळेल. श्रीहरीभाऊंनी पेपराची घडी केली आणि मान खाली घातली.

"आत या," बाई म्हणाल्या. "पानी तरी घ्या."

ओसरीत बसून हळूहळू सगळं बाहेर आलं. रंजीता नर्सिंग पास झालेली, त्यांच्या पाड्यातली पहिली. चंद्रपुरातल्या एका खाजगी दवाखान्यात काम मिळालं, सोमवारपासून हजर व्हायचं. बाकीच्या खोल्यांचं भाडं ऐकून छाती दडपायची. मोबाईलवर दिसलेली ही खोली निम्म्यात मिळत होती. तिनं विचारलंही होतं की आधी येऊन पाहते. तो फौजी म्हणाला, मी काश्मीरला ड्युटीवर आहे, दाखवणार कोण? वर्दीतला फोटो पाठवला, ओळखपत्र पाठवलं, आधार कार्ड पाठवलं. एका दुपारी म्हणाला, आणखी तिघं मागं लागलेत, आज टोकन भरलं नाही तर खोली गेली. ती टॉवर मिळावा म्हणून टेकडीवर चढली आणि तिथूनच पैसे पाठवले. मग डिपॉझिट. मग कागदाचा खर्च. आज सकाळी बसमधून सामान ठेवायची फी. सगळे मिळून अठरा हजार, त्यात इसरूचा तेंदूपत्ता तोडणीचा बोनस.

"मले एकदा वाटलं होतं," ती म्हणाली. "इतके प्रकार काऊन म्हणून. पण पयले देलेले बुडतील या भेवानं देत गेली."

इसरूला मराठी समजत होती, बोलताना मात्र तो शब्द शोधत होता. तो एवढंच म्हणाला, "फौजी म्हनला ना. मले वाटलं, फौजी खोटा कसा बोलन."

बँकेत पेन्शनला गेलं की भिंतीवरचा तो कागद बाई नेहमी वाचायच्या: ऑनलाईन फसवणूक झाली तर लगेच १९३० लावा. आपल्या उपयोगाचा नाही असं वाटायचं. आज त्यांनीच नंबर सांगितला, पोरीनं लावला. व्यवहाराचे नंबर, वेळ, कोणत्या खात्यात, सगळं विचारलं गेलं. मग तिघंही ऑटोनं पोलिसांत गेली. पेटी-गादी श्रीहरीभाऊंनी न सांगता आपल्या ओट्यावर उचलून ठेवली.

तिथं दीपिका नावाची तरुण हवालदार होती. तिनं रंजीताचं सगळं लिहून घेतलं आणि मग पेन तसंच धरून बाईंकडे वळली. "अन् तुमचा त्याच्याशी काय संबंध?"

"माझा? काईच नाई."

"फोटो आतल्या खोलीचे हायेत. काढले कोनं?"

रीताचं नाव सांगताना बाईंची जीभ अडखळली. आपल्याच मुलीचं नाव पोलिसांच्या कागदावर जाताना पाहणं ही गोष्ट त्यांनी जन्मात कल्पिली नव्हती. शेवटी सही केली तेव्हा अक्षर वाकडं आलं.

निघताना दीपिका जरा सैल झाली. "घाबरू नका, बाई, विचारावंच लागते. या महिन्यातली ही चौथी केस. कधी फौजी, कधी विमानतळावरचा साहेब. घर दाखवत नाई, भाडं निम्मं सांगते, घाई करते. तेच फोटो दुसऱ्या शहराच्या नावानं टाकलेले सापडतात, नेटवर फोटो टाकून शोधलं का दिसते." मग ती रंजीताला म्हणाली, "आपन सोताच्या डोळ्यानं घर पाह्यल्याबिगर एक रुपया नाई द्यायचा, ताई. ओळखपत्र तर कोनाचंही चोरून पाठवता येते."

रंजीतानं मान हलवली. आता ऐकून काय, असं तिच्या तोंडावर स्पष्ट होतं.

परत आल्यावर इसरू सामान उचलायला लागला. दवाखान्यातल्या एका ओळखीच्या बाईकडे दुसरी खोली मिळेपर्यंतची सोय झाली होती. पेटी खांद्यावर घेता घेता तो थांबला आणि वर गॅलरीकडे पाहिलं. दोरीवर एक कपडा नव्हता, खिडकीच्या गजांना कोळिष्टकं होती.

"बाई, वर कोनी राहत नाई ना?"

आवाजात राग नव्हता. म्हणूनच बाईंना उत्तर देणं जड गेलं.

"नाई, भाऊ. मले भेव वाटला." आणि घाईघाईनं, "तुमी राहा ना. पोरीले राहू द्या. भाड्याचं पाहू मंग."

"आज नको, बाई," इसरू म्हणाला आणि चालू लागला.

त्यानंतरचे चार दिवस बाईंना जेवण गोड लागलं नाही. गल्लीत कोणी काही बोललं नाही, पण दुकानात दोन बायका त्या आल्या तशा गप्प झाल्या. पाचव्या दिवशी त्या दवाखान्यात गेल्या आणि रंजीताला शोधून काढलं. पांढऱ्या कपड्यात ती वेगळीच दिसत होती. "खोली पाहून तर जा," बाई म्हणाल्या. "तुले पसंत पडली तरच."

रविवारी ती आली. एकटीच, हातात वही. खोली पाहिली, नळ सोडून पाहिला, दाराची कडी लावून पाहिली. मग म्हणाली, "बाई, लाईट बिल दाखवा. अन् घरटॅक्सची पावती. तुमच्या नावाची."

बाईंचा पारा चढला. सत्तावीस वर्षं जमिनीखाली कोळसा काढून बांधलेलं घर, आणि ही कालची पोर पावती मागते! पण पोरीची नजर हटली नाही. बाई खाली गेल्या, कपाटातली फाईल काढली, इस्तारीच्या नावावरून त्यांच्या नावावर झालेला कागद, बिल, पावती, सगळं तिच्यापुढे ठेवलं. रंजीतानं नाव न् नाव बाईंच्या आधार कार्डाशी ताडून पाहिलं.

"बरोबर हाय," ती म्हणाली. आणि हिरव्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

तिनं खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाई, खोली चांगली हाय. तुमीही चांगल्या हाय. पण या खिडकीचा फोटो मी दोन महिने पाह्यला. इथी माझी कॉट, तिथी देव, असं सगळं मनात मांडलं होतं. आता इथी उभी राह्यली का त्या मान्साचा आवाज येते. मी नाई राहू शकत इथी."

बाईंनी फाईल आवरली. त्या म्हणाल्या, "मंग चाल, दुसरी पाहू. मी येतो तुझ्यासंगं."

तीन रविवार दोघी फिरल्या. एका ठिकाणी मालकाचा भाचा म्हणे, घर आतून उद्या दाखवतो, आज बुकिंगचं टाका. बाईंनी रंजीताचा हात धरून तिला सरळ बाहेर आणलं. एका ठिकाणी भाडं परवडेना. शेवटी दवाखान्यामागं एका शिक्षिकेकडे, दोन नर्स आधीच राहत होत्या त्यांच्यासोबत, जागा मिळाली. बिल पाहिलं, करारनामा झाला, पोलिसांत भाडेकरूची नोंद झाली, चाबी हातात पडली आणि मग पैसे दिले. शिक्षिका हसून म्हणाली, "मावशी वकील हायेत का?" बाईही हसल्या, पण घरी येऊन रिकाम्या खोलीचा जिना पाहिला तेव्हा त्यांना भरून आलं.

पैशांपैकी फक्त त्याच सकाळी पाठवलेले शेवटचे तीन हजार बँकेनं वेळेत अडवले होते, ते मिळायलाही कोर्टाचा कागद लागला. बाकीचे गेले. खातं परराज्यातल्या कुठल्या मजुराच्या नावानं निघालं, त्याला म्हणे काही माहीतच नव्हतं. जाहिरात काढली गेली आणि महिन्याभरात दुसऱ्या फौजीच्या नावानं परत आली. घर तेच.

बाईंनी फाटकावर पाटी लावली: या घराची खोली ऑनलाईन भाड्यानं दिली जात नाही, कोणाला पैसे पाठवू नका. रंजीता सुटीच्या दिवशी आली तेव्हा पाटी वाचून म्हणाली, "पन बाई, फाटकापाशी येते तो पैसे भरूनच येते. गावात बसल्याले हे कसं दिसन?"

हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग दोघींनी मिळून ठरवलं. रंजीतानं पाटीचा, फाटकाचा आणि समोरच्या टाकीचा फोटो काढला, खाली सगळी हकिकत लिहिली, बाईंचा नंबर दिला आणि नर्सिंगच्या, एटापल्लीच्या, गडचिरोलीच्या, होते नव्हते तेवढ्या सगळ्या ग्रुपवर टाकला. स्वतःची फसवणूक तिनं नावानिशी लिहिली. "हासतील लोकं," ती म्हणाली.

"हासू दे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन वाजला. धानोऱ्याकडची कोणी पोरगी होती, आवाज इतका बारीक की बाईंना दोनदा विचारावं लागलं.

"बाई, तो हिरव्या खिडकीचा फोटो... मी आत्ताच टोकन पाठवलं."

"आत्ताच म्हंजे कधी?"

"अर्धा तास झाला असन."

"रडू नको. घरच्यांले मंग सांग. आधी माझा फोन ठेव अन् १९३० लाव," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "लाव लवकर. मी इथीच फोनपाशी बसतो."