तिसरा कागद

आपल्या माणसाकडे हिशोब मागायचा नाही, ही आपली जुनी खोड. सातासमुद्रापार जातानाही ती आपण बॅगेत घालून नेतो. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर, साडीच्या दुकानाच्या माडीवर, जगन्नाथकाकांचं घरखरेदी-विक्रीचं ऑफिस होतं. या खोडीने तिथे काय केलं, ते ऐका.

घर ठरलं की गिऱ्हाईक इसार देतं. व्यवहार पुरा होईपर्यंत तो वेगळ्या ट्रस्ट अकाउंटमध्ये राहतो आणि ब्रोकरने त्याला हात लावायचा नसतो. दर महिन्याला तीन कागद जुळवायचे: बँकेचं स्टेटमेंट, ऑफिसची वही आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचे किती जमा आहेत, त्या पानांची बेरीज. हे काम ऑफिसचे हिशोब सांभाळणाऱ्या मालिनीचं. पहिले दोन जुळले की ती 'तिन्ही जुळले' म्हणून सही करून मोकळी होई. तिसऱ्याला वेळ लागायचा, आणि काका पहिल्याच वर्षी म्हणाले होते, "अगं, सगळी आपलीच माणसं. कोणाचे किती, मला तोंडपाठ आहे."

२००८च्या जानेवारीत अतुल हा एक गिऱ्हाईक आला. त्याची नोकरी गेली, लोन नाकारलं गेलं, घराचा करार रद्द झाला. इसाराचे अठरा हजार डॉलर परत मिळायचे होते. चार वर्षांची सगळी बचत तीच.

"ताई, चेक रेडी आहे ना? बावीसची फ्लाइट आहे. रेणूला सातवा महिना लागलाय, भारतात जाऊन सगळं यातूनच करायचंय."

मालिनीने पाहिलं. खात्यात चार हजार होते. रक्कम घटताना तिला दिसली होती, पण व्यवहार पुरे झाले असतील असं तिने धरलं होतं. अतुलला तिने उद्या यायला सांगितलं.

घरी तिचे सासरे त्र्यंबकराव नागपूरहून आले होते. जन्मभर त्यांनी बँकांचे हिशोब तपासले होते. मालिनीने त्यांना सगळं सांगितलं.

"काकांनी पैसे काढले, ते वहीत होते?"

"हो बाबा. नुसतं ट्रान्सफर म्हणून."

"मग बँक आणि वही जुळणारच. चोरीसुद्धा नीट लिहून ठेवली की जुळते. पैसे कोणाचे, ते तिसराच कागद सांगतो."

"काका चोर नाहीत. घरं विकली जात नाहीत, ऑफिसचं भाडं थकलंय. ते परत भरणार होते."

"प्रत्येक जण परत भरणारच असतो, सूनबाई. पैसे खायला निघालेला मला एकही भेटला नाही. सगळे चार दिवसांसाठी उसने घेणारे. सही कोणाची आहे?"

"माझी."



सकाळी ऑफिसात तिने सगळी पानं काढून बेरीज केली. सात कुटुंबांचे एकसष्ट हजार असायला हवे होते. काका ओव्हरकोट घालूनच बसले होते, हीटिंगही कमी केलं होतं.

"मार्चपर्यंत थांब, मालिनी. मार्केट उठेल. तुझ्या मुलीच्या बारशाला हॉल कोणी दिला होता?"

"तुम्ही, काका. म्हणूनच मी कधी विचारलं नाही."

तिला रडू आलं, पण हात थांबला नाही. लायसन्स देणाऱ्या सरकारी ऑफिसला तिने पत्र लिहिलं आणि स्वतःच्या सहीचे चौदा महिन्यांचे खोटे कागदही जोडले. मग अतुलला तिने स्वतः सांगितलं. 

"ताई, तुम्ही दर महिन्याला चेक करत होता ना?" एवढंच त्याने विचारलं.

बावीस तारखेला तो रिकाम्या हाताने गेला. दोन वर्षांनी निम्मे पैसे मिळाले. काकांचं लायसन्स गेलं, घरही गेलं. मालिनी आता दुसरीकडे काम करते आणि सुरुवात तिसऱ्या कागदापासून करते. लोक तिला संशयी म्हणतात. म्हणोत.

मंडळी, आपल्या माणसाला हिशोब जरूर विचारा, त्याच्या भल्यासाठी विचारा. काकांनी पहिल्यांदा काढले होते फक्त नऊशे डॉलर. त्या महिन्यात कोणी विचारलं असतं, तर ते लाजले असते, नऊशे डॉलर परत भरले असते, आणि आजही डेव्हनवरच्या त्या माडीवर बसलेले असते.