कोबीवरून उठवलेला पर्वत

मी एक जुना पर्वत आहे. माझा माथा ढगांच्या वर आहे, पायथ्याशी समुद्र पसरला आहे आणि माझ्याकडे पाहून माणसाचं मन शांत होतं. असं आमच्या घरच्या ओल्द्रिखच्या पुस्तकात लिहिलंय. मित्रांनो, खरं सांगायचं तर मी कोबी दाबून ठेवायचा दगड आहे. वजन चौदा किलो.

माझा जन्म नदीतला. तिथलं फारसं आठवत नाही, नुसतं घासणं होतं. माझ्या मालकिणीच्या, ब्लाझेनाच्या, आईने मला तिथून उचललं आणि लेकीच्या लग्नात लाकडी पिंपासोबत आंदण दिलं. दर ऑक्टोबरात मला घासून, उकळत्या पाण्याने अंघोळ घालून, मीठ लावलेल्या चिरलेल्या कोबीवर बसवायचे. कोबी आंबेपर्यंत सहा आठवडे मी बसून राहायचो. काम म्हणाल तर एवढंच, हलायचं नाही. एक्केचाळीस वर्षं मी ते चोख केलं. नाताळात पाहुणे चाखून म्हणायचे, "ब्लाझेना, असा कोबी अख्ख्या ओलोमोउत्स शहरात कुणाकडे होत नाही." श्रेय नेहमी मिठाला गेलं.

तिचा नवरा ओल्द्रिख रेल्वेत सिग्नलवर होता. त्याच्या नोकरीपायी एक गोष्ट राहून गेली होती. आमच्याकडे मे महिन्याच्या एक तारखेला फुललेल्या चेरीच्या झाडाखाली बाईचं चुंबन घ्यायचं असतं. नाहीतर ती वर्षभर वाळत जाते म्हणतात. आणि दर एक मेला ओल्द्रिख ड्यूटीवर. "एक्केचाळीस वर्षं वाळतेय," ब्लाझेना बटाटे सोलता सोलता सांगायची, "आता सुकायलासुद्धा काही उरलेलं नाही."

निवृत्त झाल्यावर त्याने ते मनावर घेतलं. रुळांकडेच्या भाड्याच्या बागेत आपली स्वतःची चेरी लावायची. पण सिग्नलवाल्याला नुसती चेरी पुरत नाही, त्याला नकाशा लागतो. वाचनालयातून त्याने जपानी बागांचं पुस्तक आणलं आणि चौकटीच्या कागदावर ताटवा आखला. कुंपणालगत सात मीटर, नेमका कोबीच्या वाफ्याच्या जागी. मागे चेरी, शेजारी तांबड्या पानांचा बुटका मेपल, सावलीला नेचे, कडेला पांढऱ्या फुलांची अझेलिया, जमिनीवर शेवाळ. आणि तीन दगड, तिन्ही वेगळ्या उंचीचे. दोन त्याला मिळाले. मुख्य दगड, म्हणजे पर्वत, काही मिळेना. मग तळघरात त्याची नजर माझ्यावर पडली.

"माझा दगड?" ब्लाझेना म्हणाली. "आणि वाफाही माझाच?"

"एकदा बघ तरी. एप्रिलअखेर चेरी फुलेल. एक मेला तू तिच्याखाली असशील."

"ठीक आहे. त्या दिवशी फुलं दिसली तर ताटवा राहील. नाही दिसली तर तिथल्या तिथे मी कोबी लावणार आणि दगड घरी नेणार."

"कबूल."

"लिहून दे."

त्याने नकाशाच्या पाठीमागे लिहून दिलं.

मित्रांनो, त्यानंतरचे दोन महिने मला आठवले तरी थकवा येतो. दगडाचा तिसरा हिस्सा जमिनीत पुरावा, म्हणजे तो तिथेच उगवलाय असं वाटतं, असं पुस्तकाचं मत. त्यामुळे मी तीनदा पुरला गेलो आणि दोनदा उकरला गेलो, कारण माझं तोंड कुठल्या बाजूला आहे यावर त्याचं स्वतःशीच एकमत होईना. जंगलातून तो पिशवीभर शेवाळ आणायचा, गुडघे टेकून थापायचा. सकाळी काळे पक्षी किड्यांसाठी ते उचकटून टाकायचे. त्यांना जपानचं काही सोयरसुतक नव्हतं. तो पुन्हा थापायचा. उठताना माझ्यावर हात टेकायचा, आणि तो हात महिन्याभरात जड होत गेला.

पुस्तकाचा खरा भर मोकळ्या जागेवर होता. माझ्यापुढे दोन मीटर काहीही लावायचं नाही, तो समुद्र. आता आमच्या बागांमध्ये एप्रिलात माती उघडी दिसली तर तिचा अर्थ एकच, मालक दवाखान्यात आहे. मग आजूबाजूचे गुपचूप त्याच्या वाफ्यात रोपं लावून देतात. गुडघा सुजला म्हणून ओल्द्रिख चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी समुद्रात नवलकोलाच्या दोन सरळ रांगा होत्या. पाणीही घातलेलं होतं.

शेजारच्या बागेतला वाव्रा कुंपणावर रेलला. "आलात का? बरं वाटतंय?"

"वाव्रा, हे काय आहे?"

"आभार कसले मानताय? तुमची जमीन उघडी बघून आमच्या बायकोचा जीव खालीवर होत होता."

"तो समुद्र होता."

वाव्राने कुंपणावरून हात लांबवून त्याचं कपाळ चाचपलं. "ताप आहे का अजून?"

चेरीने एप्रिलअखेरची वाट पाहिली नाही. सतरा तारखेला अकरा फुलं आली, ऊन तापलं, वारा सुटला आणि पुढच्या बुधवारी एकही उरलं नाही. ओल्द्रिखने घरून गुलाबी कागदाची फुलं कातरून आणली. दोन फांद्यांना बांधली, मागे सरून पाहिली, सोडली आणि खिशात घातली.

एक मेला ब्लाझेना कोबीच्या रोपांचं खोकं आणि खुरपं घेऊन आली. तो उलट्या बादलीवर बसला होता.

"फुलं?"

"होती. अकरा."

तिने उचकटलेलं शेवाळ पाहिलं, त्याच्या विजारीचे हिरवे गुडघे पाहिले. "रोज येत होतास?"

"शेवाळ बसवायला."

"आणि हे नवलकोल?"

"वाव्राला वाटलं मी आजारी आहे."

"त्याचं काही फार चुकलं नाही." तिने खोकं खाली ठेवलं. झाड जेमतेम तिच्या खांद्याएवढं होतं. "ह्याच्याखाली उभं कसं राहायचं म्हणे?"

"बसावं लागेल."

"मग सरक."

कुंपण धरून ती खाली बसली. तोही बादलीवरून उतरला. फांदी तिच्या डोक्यावरच्या रुमालात अडकली, ती सोडवण्यात थोडा वेळ गेला, मग त्याने तिचं चुंबन घेतलं. मला तोंड फिरवता येत नाही. तिने बसल्या बसल्याच हाक मारली, "वाव्रा, ही रोपं तुम्ही घेऊन जा. आमच्याकडे जागा नाही."

म्हणजे मी आता इथलाच. या वयात पर्वत होणं दमवणारं आहे. मित्रांनो, दगडांची काळजी घ्या असं मी सांगणार नाही, दगडाला काही होत नाही. पण तुमच्यासाठी कुणी रोज गुडघ्यांवर बसून शेवाळ थापत असेल, तर फुलं मोजू नका. त्या माणसाकडे बघा, आणि वेळेत बघा.

त्या दोघांना उठता येईना. वाव्राने येऊन एकेकाला उभं केलं.