पंगतीबाहेरचं पान

"अंड्यात जीव असतो की नाही, तेवढंच सांग," बापूंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आमटीचा भुरका मारला.

"असतो की," चिंतामणी म्हणाला. "पण दह्यातही असतो, बापू. दवाखान्यात या, सूक्ष्मदर्शक यंत्राखाली दाखवतो. एका चमच्यात अख्ख्या सोलापुरापेक्षा जास्त वस्ती असते."

"शी! जेवताना काय बोलायलायस?"

"म्हणूनच मी दही सोडलं," यज्ञेश्वर गंभीरपणे म्हणाला. "दही, ताक, दूध, तूप, सगळंच. दूध वासराचं असतं. आपण ते चोरून पितो."

"मग सत्यनारायणाला पंचामृत कशाचं करू? विहिरीच्या पाण्याचं?" बापूंचा हात ताटातच थांबला. "मांस खाणारे वाईट, हे ऐकलं होतं. दूध पिणारेही वाईट, हे या वयात पोटच्या पोराकडून ऐकतोय."

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून दोन वर्षं झाली होती. गावात बोलायला पुष्कळ विषय होते. पण दक्षिण कसब्यातल्या मंगळवेढेकरांच्या घरी दर रविवारी दुपारी वाद व्हायचा तो जेवणावरून, आणि तोही पोटभर जेवता जेवता. बापू तालुका कचेरीतले निवृत्त कारकून. सोवळ्याचे इतके कडक की रस्त्यावरच्या वाऱ्याचाही त्यांना विटाळ व्हायचा. त्यांचा मुलगा यज्ञेश्वर गिरणीच्या ऑफिसात हेडक्लार्क. चिंतामणी त्याचा मेहुणा. डॉक्टरीची परीक्षा देऊन नुकताच गिरण्यांच्या वस्तीतल्या एका धर्मार्थ दवाखान्यात लागलेला. खोली भाड्याची, जेवण खानावळीचं, म्हणून रविवारी बहिणीकडे यायचा. त्या खानावळीत तो अंडी खातो, हे बापूंना माहीत होतं. त्यांनी त्याचं पाट-पाणी पंगतीच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराजवळ ठेवलं होतं. चिंतामणीलाही ते मंजूर होतं, कारण भाकरी तिथं सगळ्यांत आधी पोचायची.

भाकरी पोचवणारी दुर्गा. या घरची सून, चिंतामणीची धाकटी बहीण. सहावा महिना लागलेला.

यज्ञेश्वरचं हे खाण्याचं वेड जुनं नव्हतं. गेल्या वर्षी दुर्गाला मुलगा झाला तो मेलेलाच. त्याला पोचवून आल्यापासून यज्ञेश्वरनं मुंबईची आरोग्याची मासिकं मागवायला सुरुवात केली. काहीतरी खाण्यातलंच चुकलं असणार, हे त्याच्या मनानं घेतलं. चुकलं कुठं ते कळत नव्हतं, म्हणून तो एकेक पदार्थ बंद करत सुटला. आधी साखर गेली, मग चहा, मग तळण. शेवटी दुधाचा रतीब. कुंभारी गावाहून दूध घालायला येणारी बजाबाई त्या दिवशी दारात फतकल मारून बसली होती. "वासराचं दूद म्हनं! आवो मालक, वासरू माजं हाय का तुमचं? त्याला पाजूनच आनते की मी. म्हशीनं काय तक्रार केली व्हय तुमच्याकडं?" म्हणाली, आणि जाताना चरवी आपटून गेली. यज्ञेश्वर बधला नाही. पुन्हा बाप होण्याची त्याला इतकी धास्ती बसली होती की कुणी हसलं तरी त्याला चालत होतं.

त्याचे आणखी दोन नियम होते. शिळं अन्न म्हणजे विष, तेव्हा शिजवायचं ते मोजून. काही उरता कामा नये. आणि ताटात काही टाकायचं नाही. सकाळी तो स्वतः डब्यातून शाळूचं पीठ, तांदूळ, डाळ काढून द्यायचा आणि जेवण झालं की ताट बोटानं निपटून स्वच्छ करायचा.

"दुर्गे, भाकरी!" चिंतामणीनं हाक दिली.

दुर्गा तव्यावरची फुगलेली भाकरी घेऊन दारात आली. तिथं तिनं चौकट धरली. भाकरी हातातून सुटून जमिनीवर पडली, आणि मागोमाग दुर्गाही खाली बसली, सावकाश, कुणी खांदे दाबल्यासारखी.

"भाकरी वाया गेली," ती पुटपुटली. मग तिची मान कलली.

चिंतामणी उष्ट्या हातानं उठला. डाव्या हातानं त्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. नखं पाहिली, पाऊल दाबून पाहिलं. पावलात त्याच्या बोटाचा खड्डा पडला आणि तसाच राहिला. इतका वेळ थट्टा करणारा माणूस एकदम गप्प झाला. ते पाहून बापूंनी स्वतःहून हात धुतला.

तिला माजघरात चटईवर निजवलं. तोंडावर पाणी मारल्यावर ती शुद्धीवर आली, आणि शुद्धीवर येताच पदर सावरू लागली. तिघं पुरुष सोप्यात जाऊन उभे राहिले. मधे फक्त एक पडदा होता.

"अंगात रक्त नाही तिच्या," चिंतामणी म्हणाला. "पापणी आतून कागदासारखी पांढरी झालीय. दवाखान्यात गिरणीतल्या बायका येतात माझ्याकडं. हाच रंग, अशीच सुजलेली पावलं. त्यातल्या काही बाळंतपणातून उठत नाहीत."

"औषध दे की मग," बापू म्हणाले.

"लोहाचं देतो. पण ते पुरायचं नाही. तिला काळीज द्यावं लागेल. बकऱ्याचं काळीज उकडून त्याचा रस्सा, रोज. मुंबईला बायका वाचल्यात त्यानं."

मग बापू अगदी हळू आवाजात म्हणाले, "या घरात ते शिजायचं नाही."

"मग अंडी तरी."

"अंडीही नाहीत. चिंतामणी, तुझं शिक्षण तुझ्यापाशी. सात पिढ्यांत या चुलीवर असलं काही चढलेलं नाही."

"आठवी पिढी पोटात आहे तिच्या, बापू! ती जन्माला यायला हवी की नको?"

"मांसानं रक्त नासतं," यज्ञेश्वर मधेच म्हणाला. त्याचा चेहरा घामानं डबडबला होता. "मी वाचलंय. रक्त वाढतं ते पालेभाजीनं, मोडाच्या मटकीनं. हातसडीच्या तांदळात व्हिटॅमिन असतं. आमच्याकडे पॉलिशचा दाणा येत नाही."

"यज्ञेश्वरराव, तुमच्या मासिकांनी तिच्या पापणीला रंग आला का?"

"आणि तुझ्या खाटकाच्या दुकानानं येईल?"

"येईल! नाहीतर मी तिला आत्ता घेऊन जातो."

"कुठं? तुझ्या खोलीवर?" बापूंचा आवाज चढला. "माहेरी कोण आहे तिचं? तू दिवसभर दवाखान्यात, आणि ही खानावळीच्या डब्यावर?"

ते खरं होतं. आई-वडील इन्फ्लुएंझाच्या साथीत एका आठवड्यात गेले होते. चिंतामणी संतापानं सोप्यातल्या सोप्यात फिरू लागला. पडद्याआड दुर्गा छताकडे बघत पडली होती. आपल्या जिवावरून तिघं भांडतायत, हे तिला कळत होतं. आपण मरू, याची भीती तिला होतीच. पण त्याहून जास्त भीती वाटत होती ती पोटातलं हेही पोर गप्प होईल याची. गेल्या वेळचं असंच एका दुपारी हलायचं थांबलं होतं.

चिंतामणी थांबला. डॉक्टर म्हणून जे सगळ्यांत आधी विचारायचं, ते त्यानं आता विचारलं. "बरं. काल काय खाल्लं तिनं?"

"सांगतो की," यज्ञेश्वर उत्साहानं म्हणाला. "काल सकाळी मटकीची उसळ, भाकरी, चुक्याची भाजी—"

"घरात काय शिजलं ते नाही विचारलं. तिनं काय खाल्लं?"

"तेच."

"किती?"

यज्ञेश्वरनं बापूंकडे पाहिलं. बापूंनी खांबाकडे पाहिलं.

"आमच्यानंतर जेवते ती," बापू म्हणाले. "आत."

"ते माहीत आहे. काय जेवते? कुणी पाहिलंय?"

ज्या घरात महिनोन् महिने अन्नाशिवाय दुसरा विषय नव्हता, त्या घरात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. बाहेर कुणीतरी कोळसेवाला ओरडत गेला. चिंतामणीच्या लक्षात आलं की दर रविवारी तो इथं जेवतो, आणि त्यानंही हे कधी पाहिलेलं नाही. गरम भाकरीसाठी हाक मात्र सगळ्यांत मोठ्यानं तोच मारायचा. त्याला स्वतःची लाज वाटली.

"अगं," यज्ञेश्वरनं पडद्याकडे तोंड करून विचारलं, "काल तू काय खाल्लंस?"

"नेहमीचंच," आतून आवाज आला. "खाल्लं की पोटभर."

चिंतामणीनं पडदा सारला आणि तो माजघरातून थेट स्वयंपाकघरात गेला. अंगात सदरा, पायाला रस्त्याची धूळ. या घरात असं कधी कुणी चुलीपर्यंत गेलं नव्हतं. बापूंच्या तोंडून "अरे, सोवळं!" एवढं निघालं. आत झाकणं उघडल्याचा आवाज आला. एक, मग दुसरं, मग तिसरं. भाताचं पातेलं रिकामं होतं. आमटीच्या भांड्यात पळीभर पाणी होतं. टोपल्यात फडकं होतं, त्याखाली काही नव्हतं. पिठाची परात निपटलेली होती. त्या दिवसाचा स्वयंपाक पंगतीत संपला होता, आणि घरातली एक बाई अजून जेवायची होती.

"यज्ञेश्वरराव," चिंतामणीनं आतूनच विचारलं, "सकाळी पीठ काढून देता ते कितीजणांचं?"

"आज तिघांचं. एरवी दोघांचं," यज्ञेश्वर म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला.

पूर्वी या घरात अन्न उरायचं. बाई पुरुषाच्या उष्ट्या ताटात जेवायला बसायची, आणि त्यानं मुद्दाम टाकलेलं, भांड्यांत उरलेलं मिळून तिचं जेवण व्हायचं. म्हणून बाईचं माप कधी वेगळं धरलं जातच नव्हतं, आणि मोजायला निघालेल्या यज्ञेश्वरनंही पाटावर बसणारी माणसंच मोजली. मग शिळं बंद झालं, टाकणं बंद झालं, दूधही बंद झालं. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिच्याच वाट्याचं घरातून नाहीसं झालं.

तो माजघरात जाऊन चटईजवळ बसला. भर दिवसा, वडिलांच्या देखत, तो बायकोजवळ पहिल्यांदाच बसत होता.

"तुझं माप मी धरलंच नाही," तो म्हणाला. "तू बोलली का नाहीस?"

दुर्गा कुशीवर वळली. "तुम्ही बाळासाठी करत होता सगळं. मला वाटलं, गेल्या वेळी माझ्या खाण्यानंच गेलं असेल. या वेळी मन आवरावं." मग एकदम तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "पण मला भूक लागायची हो. रोज लागायची. तुम्ही लोक खाण्यावर बोलत बसायचा ना, तेव्हा फार लागायची."

यज्ञेश्वरनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बापू दारात उभे होते. ते दोनदा खाकरले. "चिंतामणी," ते म्हणाले, "तुझं ते जे काय आहे ते उद्यापासून आण. मागच्या अंगणात वेगळी शेगडी पेटव. भांडं वेगळं ठेव. मी तिकडं यायचा नाही, विचारायचाही नाही."

"मला विचारा की, मामंजी," दुर्गा म्हणाली. सासऱ्यांशी इतकं सरळ ती कधी बोलली नव्हती. "दादा, तू देशील ते मी औषध म्हणून घेईन. नाक दाबून घेईन. पण ते जेवण नव्हे. जेवण मला दुसरं हवंय."

"काय हवंय? तुला काय खावंसं वाटतं, पोरी?" बापूंनी विचारलं. पोटुशी बाईला हे कुणीही विचारतं. या घरात विचारायला बाई नव्हती, म्हणून ते इतके महिने राहून गेलं होतं.

"गरम भाकरी. तव्यावरची. माझ्यापर्यंत येते ती गार झालेली असते."

तिला उठू द्यायचं नव्हतं. तेव्हा ते तिघं चुलीपाशी गेले. बापूंनी फुंकणी घेतली. यज्ञेश्वरनं डब्यातून पीठ काढलं, न मोजता, ओंजळीनं. चिंतामणी पाणी ओतू लागला ते जास्त झालं, मग पीठ, मग पुन्हा पाणी. पहिली भाकरी थापतानाच फाटली. दुसरी तव्याला चिकटली. धुरानं तिघांचे डोळे लाल झाले, आणि डोळे पुसायला त्यांना तेवढं निमित्त पुरलं. तिसरी कशीबशी उतरली. जाड, एका बाजूनं करपलेली, कडा चिरलेल्या. यज्ञेश्वरनं तिच्यावर बापूंनी स्वतःपुरतं राखलेलं वाटीतलं तूप ओतलं, सगळंच.

ताट दुर्गाच्या पुढं आलं. तिनं तुकडा मोडला. त्यातून वाफ निघाली. घास तिनं ओठांपर्यंत नेला आणि तिथंच हात थांबवला. तिघं समोर बसून बघत होते.

"काय झालं?" चिंतामणी घाबरून म्हणाला. "मळमळतंय का?"

तिनं मान हलवली. लग्न झाल्यापासून ती कुणासमोर जेवली नव्हती. हात उचलत नव्हता.

"तुम्ही जरा तिकडं तोंड करा की," ती म्हणाली.

बापू आधी वळले. मग यज्ञेश्वर, मग चिंतामणी. तिघं भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसले. मागून भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग चावल्याचा, आधी हळू, मग भरभर, मग अगदी न थांबता. ते तिघं ऐकत राहिले.

बऱ्याच वेळानं ताट सरकलं.

"अजून आहे?" दुर्गानं विचारलं.